मलप्पाच्या बोटांवरची राळ

१

मलप्पा मुकादम मेल्याची बातमी सुकन्या हत्तेला लातूरच्या लॉजवर दात घासताना कळली. फोन नीलम्मा दाल मिलच्या मुनिमाचा, व्यंकटचा होता.

"मॅडम, लई वंगाळ झालं बगा. आमचे मलप्पाअण्णा काल दिवस मावळताना मिलच्या छतावरून पडले. जाग्यावरच गेले."

सुकन्याने तोंडातला फेस थुंकला. "ते तर निलंग्याला गेले होते ना?"

"आलते की माघारी. लगनात जरा जास्त झाली म्हनं. तशातच वरचे पत्रे बगायला चढले. बाटली घावली छतावर." व्यंकट थांबला आणि मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, बायांच्या कामाला ह्यानं काही अडचन तर न्हाई ना येनार?"

माणूस जाऊन एकच रात्र उलटली होती आणि ह्याला कामाची पडली होती. सुकन्याला राग आला. पण ते काम तिच्याच हातात होतं, आणि ते किती जणींच्या चुलीचं होतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने राग गिळला.

परदेशी तूर आणि स्वस्त पिवळा वाटाणा बंदरावर उतरायला लागल्यापासून लातुरातल्या काही मिलांची धडधड थांबली होती. नीलम्मा दाल मिलचे मालक संगमेश्वरअप्पा शेटकार यांनीही दसऱ्यानंतर फाटकाला कुलूप घातलं. डाळ निवडणाऱ्या बाया घरी बसल्या. अशा कामगारांना काही महिने हातभार मिळावा, दुसरं काही शिकता यावं, म्हणून सरकारने योजना काढली. योजना चांगलीच होती. फक्त तिला एक अट होती: मिल बंद पडल्यावर तिचं चाक पुन्हा फिरलेलं नसावं. एकदा जरी फिरलं, तरी त्या मिलच्या सगळ्याच बाया बाद. ही अट ज्याने घातली, त्याच्या घरी चूल कधी विझली नसावी, असं सुकन्याला ती वाचतानाच वाटलं होतं. पण अट ती अट. ती तपासायला नांदेडच्या कामगार कार्यालयाने तिला धाडलं होतं.

कालच ती मिलमध्ये जाऊन आली होती. न कळवता जायचं, असा नियम. पण एस.टी. स्टँडवर रिक्षावाल्याला मिलचा पत्ता सापडेना, म्हणून तिने व्यंकटला फोन लावला आणि मग निघाली. फाटकातच बायांची म्होरकी केवळाबाई उभी होती. हाताला धरून तिने सुकन्याला ऑफिसात नेलं, सतरंजीवर बसवलं, हळदीकुंकू लावलं. मग चुरमुऱ्यांचा गरमागरम सुशीला आला, वर शेव, कडेला लिंबू. खाण्याच्या बाबतीत सुकन्या कुणाचं मन मोडत नसे. तिने दुसरी बशीही घेतली. मग चहा झाला, मग केवळाबाईने लेकीच्या बाळंतपणाची गोष्ट काढली, ती रंगली. मलप्पा मुकादम कुठे आहेत विचारलं, तर व्यंकट म्हणाला, निलंग्याला लग्नाला गेलेत. सुकन्याने ते ऐकलं. तेव्हा तिच्या तोंडात घास होता.

नंतर तिने मिल फिरून पाहिली. यंत्रघर गार, फरशी नुकतीच धुतलेली. तूर वाळवायच्या मोठ्या ओट्यावर पारव्यांची दाटी होती आणि केवळाबाई त्यांना जरा जास्तच त्वेषाने हाकलत होती. गोदामं पाहिली. सगळं बंद होतं. तिने तसं टिपून घेतलं आणि पोटभर जेवलेल्या माणसाच्या समाधानाने लॉजवर आली.

आता आरशात तोंडाला फेस लागलेली आपलीच मुद्रा तिला बरी दिसेना. मयताच्या वारसाची नोंद करणं हेही तिचंच काम होतं. जावं लागणारच होतं.

२

मलप्पाला माती देऊन झाल्यावर, दुसऱ्या दिवशी ती त्याच्या घरी गेली. पत्र्याच्या दोन खोल्या, दाराशी तुळस नाही, बेलाचं रोप. आत शरणम्मा भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोळे कोरडे.

"शरणार्थ, अक्का," सुकन्या लिंगायतांच्या रीतीने म्हणाली.

शब्द ओळखीचा निघाला तशी शरणम्माने मान वर केली. "आपल्यातलीच हायेस व्हय? बस."

सुकन्याने वारसाच्या नोंदीचं कसंबसं काढलं. शरणम्माने हात हलवून ते बाजूला सारलं.

"ते मागून. मला आदी एक सांग. पोलिसानं बाटली बगून, चिरफाड न करताच लिवलं, मलप्पा दारू पिऊन पडला. गल्लीतली माणसं माती द्यायला आली, आन् जाताना कुजबुजत गेली. जलमभर ज्येनं सुपारी खाल्ली न्हाई, त्यो दारू पिऊन मेला? तू सरकारी हायेस. तू लिवशील का, की त्यो पेला नव्हता?"

"मला कसं कळणार, अक्का?"

"मला कळतंय ना! मी न्हाऊ घातलंय त्येला." शरणम्मा पुढे सरकली. "तोंडाला वास न्हवता. आन् अंगावर सदरा कोनता, तर परीटघडीचा. घरी येताना घालायला मिलमधी खुंटीला ठिवलेला असायचा, त्यो. पत्रे बगायला असला सदरा घालून कोन चढतंय? गुंड्या पार गळ्यापत्तुर लावलेल्या. त्यो कदी वरची गुंडी लावत न्हवता, त्येला कोंडल्यावानी व्हायचं."

सुकन्या ऐकत होती. बाईला नवरा निर्दोष वाटतो, त्यात नवल ते काय, असंच अजून तिच्या मनात होतं.

"आन् इष्टलिंग," शरणम्मा म्हणाली. "गळ्यात न्हवतं. मला वाटलं, पडलं की काय कुठं. जीव थाऱ्यावर न्हाई राहिला माझा. मंग सदरा काढला तर उजव्या दंडाला बांदलेलं. घट्ट. दंडावर वळ उमटलाय. घरी येताना रोज गळ्यातच असायचं, मंग दंडाला कामून बांदलं त्येनं? आन् बोटं चिकट, पिवळी. पान्यानं जाईना, साबनानं जाईना. शेवटी गोडं तेल लावून चोळली, तवा सुटलं."

सुकन्याचा हात कागदावरच थबकला.

उदगीरला तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. मोटार चालू करण्याआधी वडील, लिंगायताने जन्मभर अंगावर वागवायचं ते इष्टलिंग रोज गळ्यातून काढत, कपाळाला लावत आणि दंडाला करकचून बांधत. गळ्यातला दोरा फिरत्या पट्ट्यात गेला तर माणसाची मान जाते, म्हणून. गिरणी थांबली की हातपाय धुवायचे, लिंग पुन्हा गळ्यात घालायचं, मगच घरात यायचं. आणि बोटांवरचा तो पिवळा चिकटाही तिला माहीत होता. पट्टा घसरायला लागला की चालत्या पट्ट्याला आतून राळेचा खडा दाबून धरावा लागतो. ती राळ पाण्याने जात नाही. आई रोज वडिलांच्या बोटांना गोडं तेल लावायची.

मलप्पा लग्नालाही गेला नव्हता आणि पत्रे बघायलाही चढला नव्हता. मेला तेव्हा तो चालत्या पट्ट्यापाशी होता.

३

हे कळल्यावर सुकन्याने खरं तर तिथल्या तिथे थांबायला हवं होतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं. वारसाची नोंद घ्यायची आणि नांदेडची गाडी पकडायची. पण शरणम्माचे ते कोरडे डोळे पाठीशी लागले होते. ती तशीच बाजारात, संगमेश्वरअप्पांच्या दुकानात गेली.

अप्पा गादीवर बसले होते, मागे पोत्यांची थप्पी. पोत्यांवर परदेशी अक्षरं होती. सुकन्याची नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"बगा, बगा. लपवायचं काय त्यात," ते म्हणाले. "मी तूर भरडून जी डाळ करायचो, तिच्यापेक्षा ही हितं येऊन स्वस्त पडती. मी काय करावं? मिल चालवून दिवाळं काढावं? मिलला आईचं नाव दिलं होतं मी. कुलूप मलाच माझ्या हातानं लावावं लागलं."

"मलप्पांशी तुमचं भांडण झालं होतं म्हणे."

हा तिने अंधारात मारलेला खडा होता, पण लागला. अप्पांनी पानाचा डबा उघडला आणि न खाता मिटला.

"भांडण कशाचं? मिल बंद, मंग वीज कशाला ठिवायची? मी जोड तोडा म्हनून अर्ज केला. तर मलप्पा हितं येऊन पाया पडला. अप्पा, वीज तोडू नका. मी म्हटलं, आरं, बंद मिलला वीज काय करायची? तर म्हनतो, तुमी ते इचारू नका, बिलाचं आमी बगताव. मी रागावलो. मंग न्हाई इचारलं."

"का नाही विचारलंत?"

अप्पांनी नजर रस्त्याकडे वळवली. समोरून कोचिंग क्लासची पोरं सायकली दामटत चालली होती.

"काही गोष्टी इचारल्या की कळत्यात," ते म्हणाले. "आन् कळल्या की आपला जिम्मा होतो. मी चावी मलप्पाला दिली होती, मॅडम. त्या बाया पंचवीस-तीस वर्सं माझ्या मिलमधी खपल्या. मी त्यांना हात हालवत घरी पाठवलं. आता कोनत्या तोंडानं इचारू?"

म्हणजे मिल चालत होती, हे मालकाला कळत होतं. आणि मालक तिथे नव्हता, हेही तितकंच खरं दिसत होतं. त्या दुपारी तो ह्याच गादीवर होता, अख्ख्या बाजाराने त्याला पाहिलं होतं. मग मलप्पाला छतावरून पडल्यासारखं नेऊन टाकलं कुणी? आणि त्याच्या अंगावरचे कपडे का बदलले?

सुकन्या उठली, तेव्हा अप्पा मागून म्हणाले, "मॅडम, खोल जाऊ नका. त्यात तुमचंच मन खराब होईल."

ही धमकी आहे असं तिला वाटलं. ती धमकी नव्हती.

४

मिलच्या फाटकाशी व्यंकट एकटाच होता. सुकन्याने त्याला काही न विचारता यंत्रघरात नेलं. पट्टा उतरवून कोपऱ्यात गुंडाळून ठेवला होता. तिने तो उलगडला आणि आतल्या अंगावरून बोट फिरवलं. बोट चिकटलं.

"व्यंकटराव, निलंग्याला लग्न कुणाचं होतं?"

"त्ये... मलप्पाअण्णाच्या मेव्हन्याच्या..."

"पौषात?"

व्यंकटचा चेहरा पडला. पौषात आपल्याकडे लग्नाची बोलणीसुद्धा कुणी करत नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. परवा घाईत जे तोंडाला आलं ते त्याने सांगितलं होतं, आणि सुशीला खाणाऱ्या बाईनेही ते सोडून दिलं होतं.

"मी सांगते, तुम्ही ऐका," सुकन्या म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. "मिल बंद नव्हती. फाटक आतून लावून तुम्ही शेतकऱ्यांची तूर भरडून देत होता. शेजारच्या मिलची धडधड असते, तिच्यात तुमचा आवाज मिसळून जायचा. म्हणून ओट्यावर पारवे. दाणे नसते तर ते कशाला आले असते? मलप्पांनी इष्टलिंग दंडाला बांधलं होतं आणि बोटांना राळ होती, म्हणजे पट्टा चालू असताना त्यांना लागलं. अंगावर डाळीचा भुगा असणार, म्हणून कपडे बदलले. पण लिंग दंडावरून गळ्यात घातलं नाही. मलप्पाच्या स्वतःच्या माणसाने ते पहिलं केलं असतं. ज्याने कपडे बदलले, त्याला दुसऱ्याच्या इष्टलिंगाला हात लावायचा नाही एवढं माहीत होतं. सदरा त्याच्यावरूनच चढवला. आणि वरची गुंडी लावली. पोराला शाळेत धाडताना आई लावते तशी. बाईमाणसाने केलंय ते."

व्यंकट खाली बसला.

"बाटली माझी," तो म्हणाला. "मीच ठिवली वर. पडन्याला कारन पायजे होतं. चौकीत जाऊन तसं सांगतो, पन त्येच्यासाठी नरकात जाईन मी. पन बाकीचं केवळामावशीला इचारा, मॅडम. मी सांगू शकत न्हाई."

"एकच सांगा. तुम्ही लग्नाचं बोललात तेव्हा मी ऑफिसात बसले होते. म्हणजे मलप्पा मिलमध्येच आहेत, हे तेव्हा तुम्हाला लपवायचं होतं." ती थांबली. पुढचं वाक्य तिला नको होतं, पण हिशोब तिथेच येऊन थांबत होता. "त्यांना लागलं, ते मी यायच्या आधी. हो ना?"

व्यंकटने होकारार्थी मान हलवली आणि उपरण्यात तोंड घातलं.

"मग मी खात होते तेव्हा ते कुठे होते?"

५

केवळाबाई घरीच होती. सुकन्याला दारात पाहून ती लगेच उठली. जणू वाटच पाहत होती. तिने सुनेला शेजारी पाठवलं आणि दार लोटलं.

"बसा, म्हनायची हिंमत न्हाई मला," ती म्हणाली.

सुकन्या बसली.

"मलप्पाअण्णाच म्हनला होता, बायांनो, मदत येईल तवा येईल, तवर खायचं काय? तूर निगाली होती. खेड्यातल्या लोकांना घरची डाळ करून पायजेच असती. वरचा घास मिळत होता, बस एवडंच. चोरी केली न्हाई आमी. पर तुमच्या कायद्यानं गुन्हाच त्यो." केवळाबाईने पदराने ओठ पुसले. "तुमचा फोन आला, तवा रोलरमधी तूर हुती. तशीच मोटार बंद केली आसती, तर सगळा माल आत अडकला आसता, तुमाला दिसला आसता. अण्णा म्हनला, चालवून खाली करतो, तवर तुमी ओटा झाडा. गडबड केली त्येनं. पट्टा घसराय लागला, म्हून राळ लावाय वाकला, आन् पट्टा निसटला. असा छातीवर बसला. फाटकन् आवाज आला बगा."

"रक्त?"

"टिपूस न्हाई. म्हून तर कुनाला कळलं न्हाई. आमी उचललं त्येला. बोलत हुता. मी म्हटलं, अण्णा, दवाखान्यात न्हेताव. फाटकात तुमची रिक्षा वाजली. तर म्हनला, केवळे, आदी मॅडमला वाटंला लाव. मी हाय की हितं. जा."

बाहेर कुणीतरी बादली आपटली. केवळाबाई थांबली आणि पुन्हा बोलू लागली.

"गोदामात न्हेऊन निजवला. वर ताडपत्री टाकली. मला वाटलं, लवकर जातील मॅडम. पन तुमाला घाईघाईनं हाकललं आसतं, तर शंका आली आसती. आन् मागं बायांना ओटा झाडाय, फरशी धुवाय येळ पायजे हुता. म्हून खाऊ घातलं. मी तुमाला दुसरी बशी वाढली, बाई. माझ्या लेकीच्या बाळंतपनाचं सांगितलं. हासले मी. मला आता सपनात माझंच हासू ऐकू येतंय."

"आणि मग?" सुकन्याने विचारलं.

"मंग तुमी मिल बगाय निगालाव. गोदामाच्या दारात आलाव. मी तुमच्या मागं हुते. त्यो कन्हला तर? आतून एक आवाज आला न्हाई. तुमी गेल्यावर पळत जाऊन ताडपत्री काढली." केवळाबाईने स्वतःचा उजवा हात उचलून तोंडावर घट्ट दाबला आणि तसाच क्षणभर ठेवला. "असा हुता. हात असाच हुता, आन् जीव गेलेला. आवाज जाऊ नाई म्हून त्येनं सोताच दाबून धरला. मलाच तो काढावा लागला, सदराबी मीच घातला."

तपासाच्या गोष्टींत गुन्हेगार सापडला की छाती हलकी होते म्हणतात. सुकन्याला वाटलं, जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. न कळवता जायचा नियम तिने मोडला, म्हणून मलप्पाने घाई केली. आणि गेल्यावर ती उठली नाही, म्हणून तो दवाखान्यात पोचला नाही. हे कुठल्या कायद्यात बसत नव्हतं. बसलं असतं तर बरं झालं असतं.

"मावशी," अखेर ती म्हणाली, "शरणम्माला हे तुम्ही सांगायला हवं."

"मी जायलेच हुते," केवळाबाई उठत म्हणाली. "परवापासून रोज जायले. गल्लीच्या तोंडापत्तुर जाते आन् माघारी फिरते. तुमी संगं हाव तर आज जाईन."

६

शरणम्माने सगळं ऐकून घेतलं. केवळाबाईचं सांगून झालं, तेव्हा ती शरणम्माच्या पायांवर पडली आणि शरणम्माने पाय मागे घेतले नाहीत, पण तिला उठवलंही नाही.

सुकन्याने वाटेत मनाशी घोकून ठेवलं होतं ते बोलायला सुरुवात केली. "अक्का, मी खरं लिहिणार आहे. मलप्पा दारू पिऊन पडले नाहीत, कामावर मेले. चालत्या मिलमध्ये मेले. मग मालकाला तुम्हाला भरपाई द्यावी लागेल. तो तुमचा हक्क आहे. आणि मी तिथे हजर होते, तेही मी लिहीन."

"आन् ह्या बाया?"

"त्या बाद होतील. नियम तसा आहे."

"समद्या?"

"सगळ्या."

शरणम्माने आपल्या तळहातांकडे पाहिलं. गोड्या तेलाने चोळून चोळून तिने जी बोटं स्वच्छ केली होती, ती आता मातीत होती.

"त्येनं तोंडावर हात कामून दाबला, बाई?" ती म्हणाली. "ह्यांचा घास जाऊ नाई म्हून. जीव जात असताना दाबला. आन् तू आता त्येचा हात काढाय निगालीस?"

"पण अक्का, तुमचं काय? भरपाई..."

"माझं म्या बगीन. मला दोन हात हायत." मग ती पहिल्यांदाच केवळाबाईशी बोलली. "ऊठ. तुला मी माफ केलं, असं म्हननार न्हाई. खोटं कशाला बोलू? पर बाहेर जा, आन् गल्लीत उभी राहून सांग, की मलप्पा पेला नव्हता. येवडं करशील?"

केवळाबाई बाहेर गेली. दुपारची वेळ होती, बायका दारात तूर पाखडत बसल्या होत्या. आतून सुकन्याला तिचा आवाज ऐकू आला. आधी कापणारा, मग चढत गेलेला. बाटली दुसऱ्याची होती. मुनीम स्वतः चौकीत जाऊन तसं सांगणार आहे. मलप्पाअण्णानं जलमात दारूला शिवलं नाही. मी माझ्या लेकरांची शपथ घेऊन सांगते. सुपांचे आवाज एकेक करत थांबत गेले.

सुकन्याने मांडीवर कागद घेतला आणि लिहिलं. मिल बंद आढळली. मुकादम मलप्पा यांचा मृत्यू छतावरून पडून, अपघाती. मद्यप्राशन केलेले नव्हते. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने जाणूनबुजून खोटी सही कधी केली नव्हती. आज केली, आणि हात जराही थरथरला नाही, याचीच तिला लाज वाटली.

"अक्का, मला काहीतरी शिक्षा द्या," ती एकदम म्हणाली. "शिव्या तरी द्या. मी तिथे बसून खात होते हो."

"तुला काय ठावं हुतं? तुझा काय कसूर?" शरणम्मा म्हणाली. आणि मग, डोळे बारीक करून, "एक इचारू? गोदामाच्या दारात तू आलीस, तवा त्यो आत हुता. तुझा आवाज त्येला आला असंल. त्येच्या कानावर पडलेलं शेवटचं मानसाचं बोलनं तुझंच. काय बोललीस तू तवा?"

सुकन्याला आठवत होतं. दोन दिवस ती ते आठवायचं टाळत होती, असं आता तिच्या लक्षात आलं. काहीतरी बरं सांगता आलं असतं. म्हाताऱ्या बाईला कुठे कळणार होतं? पण एका दिवसात एक खोटं पुरे झालं होतं.

"मी दारातूनच आत पाहिलं," ती म्हणाली, "आणि म्हणाले, इथं काही नाही. चला."

तिने मान खाली घातली आणि वाट पाहिली.

शरणम्माचा श्वास मोठा होऊन सुटला. तिच्या कोरड्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाणी आलं, आणि त्यासोबत चेहऱ्यावर एक विलक्षण सैलपणा.

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "त्येनं ऐकलं असंल ना ते. मंग मरताना त्येला कळलं, की जमलं."

आणि तिने उठून सुकन्याच्या पाठीवर हात ठेवला. शिव्या सोसायची सुकन्याची तयारी होती. तो हात मात्र तिला सोसवला नाही. ती तिथेच, परक्याच्या घरात, पदर तोंडात कोंबून रडत राहिली.